मनोरुग्णांची शुश्रूषा

शरीरास दुखणे जडले म्हणजे घरची मंडळी रोग्याभोवती जमतात. कोणी कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवतो, कोणी पेज करून आणतो, कोणी डॉक्टरांकडे धाव घेतो. परंतु तेच दुखणे मनास जडले म्हणजे भोवतालची माणसे एकेक पाऊल मागे सरतात. तापाच्या रोग्याची विचारपूस करणारा शेजारी मनोरुग्णाच्या दारावरून मान खाली घालून जातो. मुले त्याच्यामागे ओरडत धावतात. आणि घरचे लोक त्यास आतल्या खोलीत ठेवून "तो गावी गेला आहे" असे सांगतात. ज्या वेळी मनुष्यास मनुष्याची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच वेळी तो एकटा पडतो. मनाच्या रोग्याची शुश्रूषा म्हणजे काय व ती कोणत्या तत्त्वांवर उभी आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपणांस परका आहे असे कोणी समजू नये. आपले मनमाड हे मोठे जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड व नांदेड ह्या बाजूंच्या गाड्या येथे मिळतात. भान हरपून घराबाहेर पडलेला मनुष्य पुष्कळदा गाडीत बसतो व गाडी नेईल तेथे उतरतो. म्हणून असे जीव मोठ्या स्थानकांवरच अधिक आढळतात. गुप्तसर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जात-धर्म न विचारता अन्न मिळते, ही आपल्या गावची भूषणावह गोष्ट होय. परंतु भुकेल्यास अन्न देण्याइतकेच भ्रमिष्टास मनुष्य म्हणून वागविणे हेही पुण्यकर्म आहे, ह्याची जाणीव अद्याप सार्वत्रिक झालेली नाही. शिवाय आपल्या शाळेतील कित्येक मुली व आता काही मुलगेही परिचारिकेचा पेशा पत्करतात. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणे आपल्याच नाशिकात आहे, आणि परिचर्येच्या पदवीच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्याची परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे. अशा विद्यार्थ्यांसही ह्या प्राथमिक विवेचनाचा उपयोग व्हावा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनोविकार म्हणजे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, करणी नव्हे, आणि आळस अथवा हट्टही नव्हे. मेंदूच्या व्यापारात होणारे बिघाड, आनुवंशिक कल, दारूसारखी व्यसने, शोक, दारिद्र्य, छळ व एकाकीपणा अशा अनेक कारणांच्या गुंतागुंतीतून हे विकार उद्भवतात. त्यांचे प्रकारही अनेक. औदासीन्यात मनुष्याचे अन्न, झोप, उत्साह व आशा ही सारी मावळतात. उन्मादात तो रात्रंदिवस बोलतो, धावतो, पैसा उधळतो व थकवा जाणत नाही. छिन्नमनस्कतेत नसलेले आवाज कानी येतात व कोणीतरी आपल्या वाईटावर टपले आहे असा दृढ भ्रम होतो. ह्यांतील पुष्कळ रोगी योग्य उपचारांनी बरे होतात अथवा औषध चालू ठेवून आपला संसार व उद्योग नीट चालवितात.

पूर्वकाळी ह्या रोग्यांस साखळदंडाने बांधण्याची चाल जवळजवळ सर्वत्र होती. ती मोडण्याचे श्रेय बहुधा पॅरिसचे प्रख्यात वैद्य फिलिप पिनेल ह्यांस दिले जाते, व ते थोर होतेच. परंतु इतिहास जरा बारकाईने पाहिला तर एक बोधप्रद गोष्ट दिसते. पॅरिसच्या बिसेत्र नामक इस्पितळातील रोग्यांच्या बेड्या १७९७ साली ज्याने काढविल्या तो मनुष्य वैद्य नव्हता. जाँ-बाप्तिस्त प्युसाँ हे त्याचे नाव. धंद्याने तो चामडे कमावणारा. गंडमाळेच्या दुखण्यासाठी तो स्वतः त्या इस्पितळात रोगी म्हणून आला होता, व पुढे तेथेच रोग्यांची देखभाल करणारा अधिकारी झाला. सकाळपासून रात्रीपर्यंत रोग्यांत वावरणाऱ्या ह्या मनुष्यास जे दिसले त्यापासून पिनेल ह्यांनी धडा घेतला. त्याच सुमारास इंग्लंडात यॉर्क शहरी क्वेकर पंथाची एक विधवा तेथील वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली मृत्यू पावली. तिच्या धर्मबंधूंस तिची भेटही घेऊ दिली नव्हती. ह्या घटनेने व्यथित होऊन विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ साली 'रिट्रीट' म्हणजे विसाव्याचे घर उघडले. तेथे बाग होती, काम होते, एकत्र भोजन होते, आणि रोग्याशी सभ्यपणे बोलण्याचा दंडक होता. एक चामडे कमावणारा व एक चहावाला, ह्या दोघांनी दाखविले की मनोरुग्णाची पहिली गरज ही त्याच्याजवळ शांतपणे राहणारा मनुष्य ही होय.

आपल्या प्रांतात नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी नागपूरचे १८६४ सालचे, रत्नागिरीचे १८८६ सालचे व ठाण्याचे १९०१ सालचे. त्या जमान्यात त्यांस वेड्यांचे इस्पितळ म्हणत, आणि रोग्यास कोंडून समाजास निर्धास्त करणे हाच अशा संस्थांचा प्रधान हेतू असे. १९५२ हे वर्ष मात्र दोन कारणांनी स्मरणीय ठरले. त्या वर्षी पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांस देण्यात येऊ लागले व क्षुब्ध मनास शांत करण्याचे साधन वैद्यांच्या हाती आले. त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लॉ ह्या विदुषी परिचारिकेने आपला ग्रंथ प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की, परिचारिका व रोगी ह्यांच्यातील विश्वासाचे नाते हेच शुश्रूषेचे मुख्य अंग होय. औषध व विश्वास ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. एक काढले तर दुसऱ्याने गाडी चालत नाही.

आता प्रत्यक्ष शुश्रूषेकडे वळू.

पहिले तत्त्व असे की, रोग्यास त्याच्या नावाने ओळखावे व मानाने संबोधावे. "तो वेडा" किंवा "सात नंबरचा" असे न म्हणता "काका", "मावशी", "दादा" अशी हाक द्यावी. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिसऱ्याशी कुजबुजू नये. त्यास जे वचन द्यावे ते पाळावे. "तासाभराने येते" असे परिचारिका म्हणाली तर तिने तासाभराने आलेच पाहिजे. ज्याचा जगावरील विश्वास उडाला आहे, त्यास तो असल्या लहान गोष्टींतूनच परत मिळतो. "फिरायला जाऊ" असे सांगून इस्पितळात नेणे, अथवा न सांगता अन्नात गोळी मिसळणे, ह्या युक्त्या प्रेमळ घरांतही चालतात. परंतु त्या एकदा उघडकीस आल्या की रोगी जेवणासही विष समजू लागतो.

दुसरे तत्त्व शरीराचे. मन आजारी पडले म्हणजे शरीराकडे दुर्लक्ष होते, म्हणून अन्न, पाणी, झोप, स्नान व शौच ह्यांवर नित्य लक्ष ठेवावे. औदासीन्याच्या रोग्यापुढे भरलेले ताट ठेवून "जेव" म्हणण्यापेक्षा थोडे थोडे व वरचेवर द्यावे आणि जवळ बसावे. उन्मादाचा रोगी एका जागी बसून जेवणारच नाही. त्यास चालता-चालता हातात धरून खाता येईल असे अन्न द्यावे, जसे की पोळीची गुंडाळी, केळे, शेंगदाण्याचा लाडू. ज्यास अन्नात विष असल्याची शंका येते, त्यास सर्वांच्याच पातेल्यातून त्याच्या देखत वाढावे. स्नानाची सक्ती करण्याऐवजी "पाणी तापले आहे, टॉवेल येथे ठेवला आहे" असे सांगून एकेक पायरी सोपी करून द्यावी.

तिसरे तत्त्व भाषणाचे. रोगी म्हणतो, "भिंतीमागे माणसे माझ्याविषयी बोलतात." येथे दोन चुका संभवतात. "काहीतरीच बोलतोस, तेथे कोणी नाही" असा वाद घातला तर तो अधिक हटून बसतो. आणि "हो, मलाही ऐकू येतात" असे म्हटले तर त्याच्या भ्रमास आपण खतपाणी घालतो. मधला मार्ग असा: "मला ते आवाज ऐकू येत नाहीत. पण तुम्हांला येतात व त्यांची भीती वाटते, हे मला समजते. मी येथे तुमच्याजवळ आहे." असे म्हणून त्यास एखाद्या हातच्या कामाकडे वळवावे, धान्य निवडणे, झाडांस पाणी घालणे, कपड्यांच्या घड्या करणे. प्रश्न थोडे विचारावेत, वाक्ये लहान असावीत, व उत्तरासाठी थांबण्याची सवय असावी. पुष्कळदा काहीही न बोलता शेजारी बसणे हीच त्या दिवसाची शुश्रूषा असते.

चौथे तत्त्व सुरक्षिततेचे. क्षुब्ध रोग्याभोवती गर्दी करणे हे आगीत तेल ओतण्यासारखे आहे. एकानेच बोलावे, तेही हलक्या आवाजात. दोन हात अंतर राखावे. दाराची वाट त्यास व आपणांस दोघांसही मोकळी असावी. त्याहूनही अधिक दक्षता औदासीन्याच्या रोग्याविषयी हवी. "जगण्यात अर्थ नाही" हे उद्गार कधीही थट्टेवारी नेऊ नयेत. "तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय?" असे प्रेमाने व स्पष्ट विचारल्याने तो विचार नव्याने मनात शिरत नाही; उलट रोग्याच्या मनावरील ओझे हलके होते. आपल्या तालुक्यांत शेतकऱ्यांच्या घरी पिकांवर फवारावयाचे औषध असतेच. ते घरातून हलवावे, रोग्यास एकटे सोडू नये, व त्वरित वैद्यकीय साह्य घ्यावे. रोगी थोडा सुधारू लागला की पहारा ढिला करण्याची प्रवृत्ती होते. परंतु तोच काळ धोक्याचा, कारण मनातील काळोख हटण्यापूर्वी अंगातील शक्ती परत येऊ शकते.

पाचवे तत्त्व औषधाचे. औदासीन्यावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत बरे वाटले नाही म्हणून ती टाकून देऊ नयेत. तसेच बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांस न विचारता बंदही करू नयेत. रोग उलटण्याचे हे एक मोठे कारण आहे. काही औषधांनी अंग ताठरते, हात कापतात, बसवत नाही, लाळ गळते अथवा झोप फार येते. रोगी गोळी नाकारतो तेव्हा तो हट्टच करतो असे नव्हे, त्यास हे त्रास होत असतील. ते विचारावेत व डॉक्टरांस कळवावेत. लिथियम नावाच्या औषधाविषयी आपल्या भागातील लोकांनी विशेष जपावे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड ह्यांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला, व आजही ते फार उपयुक्त आहे. परंतु अंगातील पाणी व मीठ कमी झाले तर त्याचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. मनमाडचा उन्हाळा व पाण्याची टंचाई आपणांस ठाऊक आहेच. असे औषध घेणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे, जेवणातील मीठ एकाएकी तोडू नये. आणि ओकारी, जुलाब, हातांस फार कंप, चालताना झोकांडी अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

सहावे तत्त्व निरीक्षणाचे. परिचारिकेची वही ही डॉक्टरांचा तिसरा डोळा होय. तीत आपला अभिप्राय न लिहिता पाहिलेले लिहावे. "आज फार वेडेपणा केला" ह्या वाक्याने कोणासही काही कळत नाही; "रात्री दोन वाजता उठला, दार उघडून पाहिले, कोणी बोलावते असे म्हणाला, तीन वाजता झोपला" ह्या वाक्याने उपचाराची दिशा ठरते. घरी शुश्रूषा करणाऱ्यांनीही झोप, जेवण, औषध व बोलणे ह्यांची अशी नोंद ठेवावी. तसेच शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या झोपेची व विसाव्याची पाळी ठरवून घ्यावी; सारा भार एकट्या आईवर अथवा पत्नीवर टाकणारे घर लवकरच दोन रोग्यांचे घर होते.

आणि ह्या सर्वांस आवरण घालणारे तत्त्व हे की, बंधन हा उपचार नव्हे. ६ ऑगस्ट १९०१ नव्हे, तर ६ ऑगस्ट २००१ रोजी, म्हणजे अगदी आपल्या काळात, तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहास पहाटे आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांस पळता आले नाही, व पंचवीसहून अधिक जीव जळून गेले. १९१२ च्या कायद्याने ह्या रोग्यांकडे प्रामुख्याने कोंडून ठेवण्याच्या दृष्टीने पाहिले होते. १९८७ च्या कायद्याने त्यात काही सुधारणा केली. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, त्याने रोग्यास हक्क दिले. मनोरुग्णास साखळीने बांधण्यास, तसेच भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचा उपचार करण्यास त्यात सक्त मनाई आहे. सक्तीने डोके भादरणे, एकांतात कोंडणे हेही निषिद्ध आहे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या अनुज्ञेने व अल्पकाळ, रोग्यास आवरून धरता येते.

ह्याच अधिनियमाचे शंभरावे कलम आपल्या गावकऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भटकत असलेला मनुष्य मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे असे वाटल्यास त्यास संरक्षणाखाली घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यास कोठडीत अथवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. आणि तो बेघर असल्यास हरवलेल्या माणसाची फिर्याद नोंदवून त्याच्या कुटुंबाचा शोध करावा लागतो. म्हणून फलाटावर असा कोणी दिसला तर विद्यार्थ्यांनी त्यास वेढा घालू नये, दगड मारू नये, त्याची छायाचित्रे काढू नयेत. मोठ्या माणसास सांगावे, रेल्वे पोलिसांस कळवावे, व शक्य झाल्यास पाणी द्यावे. घरात कोणास असे दुखणे असल्यास १४४१६ ह्या क्रमांकावर, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' ह्या शासकीय सेवेतून, रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

हरवलेला मनोरुग्ण घरी परतू शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर कर्जत येथे तिचे उत्तर उभे आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉक्टर स्मिता ह्यांनी १९८८ साली 'श्रद्धा पुनर्वसन' ह्या संस्थेचे कार्य आरंभिले. रस्त्यांवर व स्थानकांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांस आणावे, स्नान घालावे, औषध द्यावे, मन थाऱ्यावर येताच नाव-गाव विचारावे, व कार्यकर्त्यांनी त्यास सोबत घेऊन थेट घरच्या उंबरठ्यापर्यंत पोचवावे, असा तेथील क्रम. ह्या कार्यासाठी डॉक्टर वाटवानी ह्यांस २०१८ साली रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्या मनुष्यास आपण कचऱ्याच्या ढिगाशी बसलेला पाहतो, त्याची कोठेतरी एक आई वाट पाहत असते, हे त्या संस्थेने हजारो वेळा सिद्ध केले आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील कथा आपल्या ख्रिस्ती वाचकांस परिचित आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःस जखमा करून घेणारा एक मनुष्य होता. लोकांनी त्यास बांधण्याचाच प्रयत्न केला होता. प्रभू येशूने त्यास नाव विचारले. मागाहून लोक पाहतात तो तोच मनुष्य वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला. आणि प्रभूबरोबर जाण्यास तो निघाला असता प्रभूने त्यास त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठविले. ह्या कथेचा अर्थ पंडितांनी निरनिराळ्या प्रकारे लावला आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. तथापि नाव, वस्त्र व घर ह्या तीन गोष्टी शुश्रूषेच्या पाठ्यपुस्तकातही आज त्याच महत्त्वाच्या आहेत. रोग्यासाठी प्रार्थना अवश्य करावी. प्रार्थनेने शुश्रूषा करणाऱ्यासही धीर येतो. परंतु प्रार्थना, नवस अथवा अंगारा ह्यांच्या भरवशावर औषध थांबविणे हा श्रद्धेचा मार्ग नव्हे. वैद्याचे ज्ञानही ईश्वराचीच देणगी आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी सर्वच जण परिचारिका किंवा डॉक्टर होणार नाहीत. परंतु प्रत्येकाच्या आयुष्यात एखादा मित्र, एखादी बहीण, एखादे वृद्ध आजोबा अशा काळोखातून जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. त्या वेळी 'लोक काय म्हणतील' ह्या भीतीने दार लावून घेऊ नका. रोग्याचे नाव घेऊन हाक द्या, त्याच्याजवळ बसा, त्यास डॉक्टरांकडे न्या, आणि तो बरा होऊन परत आला म्हणजे त्याच्या जुन्या जागेवर, जुन्या मानाने, त्यास बसू द्या. ती जागा आपण राखून ठेवली नाही, तर इस्पितळात झालेले सारे श्रम वाया जातात.